सूक्ष्मसृष्टीचा आद्य द्रष्टा : आंतोनी व्हान लेवेनहूक

ज्ञानाच्या क्षेत्रांत नांव मिळवावयाचें तर विद्यापीठाच्या पदव्या, ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें आणि धनिकांचा आश्रय हीं सर्व हवींत, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत सर्वस्वीं खोटी आहे असें नाहीं; परंतु ज्या पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे, त्याच्यापाशीं ह्यांपैकीं एकहि गोष्ट नव्हती. तो एक साधा कापडाचा दुकानदार होता. त्यास लॅटिन येत नव्हतें, आणि त्या काळीं लॅटिन न जाणणारास विद्वानांच्या पंक्तीस बसण्याचा अधिकार नसे. असें असूनहि माणसाच्या रक्तांत, तळ्याच्या पाण्यांत आणि दांतांवरील किटणांत काय काय भरलेलें आहे, हें नीट पाहून व मोजून जगास सांगण्याचा मान त्यासच मिळाला.

हॉलंड देशांत हेग आणि रॉटरडॅम ह्या शहरांच्या दरम्यान डेल्फ्ट नांवाचें कालव्यांचें टुमदार गांव आहे. तेथें १६३२ सालीं, ऑक्टोबरच्या २४ तारखेस आंतोनीचा जन्म झाला. वडील फिलिप्स हे बुरुडकाम करीत. आईचें माहेर मद्य गाळण्याचा धंदा करणाऱ्या घराण्यांतलें. आंतोनी पांच वर्षांचा असतांनाच वडील वारले. आईनें पुढें दुसरें लग्न केलें. मुलास कांहीं काळ लायडनजवळच्या वारमोंड येथील शाळेंत ठेवण्यांत आलें व कांहीं काळ त्याच्या एका नातलगाकडे. ह्यापलीकडे त्याचें शालेय शिक्षण झालें नाहीं. सोळाव्या वर्षीं, म्हणजे १६४८ त, त्यास अॅमस्टरडॅम येथें एका कापडवाल्याच्या पेढीवर धंदा शिकण्यास पाठविलें. तेथें हिशेब ठेवणें, कापडाची पारख करणें हीं कामें तो शिकला.

कापडाचा पोत पाहण्यासाठीं व्यापारी लोक भिंगाचा उपयोग करीत. अमुक इतक्या जागेंत ताण्याबाण्याचे धागे किती, हें भिंगांतून मोजलें म्हणजे मालाची खरी किंमत समजे. पुढें आयुष्यभर उपयोगीं पडलेले दोन गुण लेवेनहूकच्या अंगीं ह्या धंद्यांत मुरले असावेत : एक, बारीक वस्तु डोळ्याजवळ धरून शांतपणें पाहण्याचा, आणि दुसरा, जें पाहिलें तें मोजल्यावांचून न सोडण्याचा.

१६५४ त तो डेल्फ्टला परतला, बार्बरा दे मेय हिच्याशीं त्याचा विवाह झाला, आणि त्यानें स्वत:चें दुकान मांडलें. पांच अपत्यें झालीं. त्यांपैकीं चार तान्हेपणींच गेलीं. मारिया नांवाची एक मुलगी तेवढी वांचली. १६६६ त बार्बराहि निवर्तली. पुढें त्यानें दुसरा विवाह केला, पण ती पत्नीहि त्याच्या आधींच वारली. म्हातारपणीं त्याचा सांभाळ मारियेनेंच केला. संसारांत असे घाव सोसलेल्या ह्या मनुष्यानें आपल्या गांवचा विश्वास मात्र पुरेपूर संपादन केला होता. १६६० त नगरसभेनें त्यास आपल्या कचेरीची व्यवस्था पाहण्याच्या जागेवर नेमिलें. १६६९ त तो जमीन-मोजणीच्या परीक्षेंत उतरला. १६७९ त मद्याच्या पिंपांचीं मापें तपासण्याचें काम त्याच्याकडे आलें. ज्याच्या चित्रांस आज जगांत मोल नाहीं तो चित्रकार फर्मेर हा त्याचाच गांवकरी व त्याच महिन्यांत जन्मलेला. तो वारल्यावर १६७६ त त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यास नगरानें लेवेनहूकचीच निवड केली.

आतां त्याच्या यंत्राकडे वळूं. तें पाहिलें तर आजच्या विद्यार्थ्यास हसूं येईल. आपल्या प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शकास उभी नळी असते, खालीं-वर अनेक भिंगें असतात, प्रकाशासाठीं आरसा किंवा दिवा असतो. लेवेनहूकच्या यंत्रास नळी नव्हती, आरसा नव्हता, आणि भिंग एकच होतें. पितळेच्या किंवा रुप्याच्या, सुमारें दोन इंच लांब व एक इंच रुंद अशा दोन पातळ पट्ट्या. दोहोंस समोरासमोर एकेक बारीक भोंक. आणि त्या भोंकांच्या मध्यें अडकविलेलें, दाण्यापेक्षांहि लहान असें कांचेचें भिंग. एका अंगास एक टोंकदार सळई बसविलेली असे. पाहावयाचा पदार्थ त्या सळईच्या टोंकास चिकटवावयाचा, मळसूत्री खिळे फिरवून तो भिंगासमोर नेमका आणावयाचा, आणि यंत्र डोळ्याशीं अगदीं भिडवून उजेडाकडे तोंड करावयाचें. एवढीच काय ती कृति.

मग एवढ्याशा साधनानें एवढें मोठें कार्य कसें झालें ? भिंग जितकें लहान आणि जितकें अधिक वाटोळें, तितकी वस्तु मोठी दिसते. मात्र तितकेंच तें वस्तूच्या व डोळ्याच्या जवळ धरावें लागतें. त्या काळीं दोन-तीन भिंगांचीं मोठीं यंत्रें प्रचारांत होतीं. परंतु प्रत्येक भिंगाचा दोष पुढच्या भिंगांत वाढत जाई, आणि वस्तूच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग उमटून आकृति पुसट होई. लेवेनहूकच्या यंत्रांत भिंग एकच असल्यामुळें दोषहि एकाचाच. उट्रेख्ट येथें जपून ठेवलेलें त्याचें एक यंत्र वस्तु सुमारें २६६ पट मोठी करून दाखवितें.

पातळ पदार्थ पाहण्याची अडचण निराळी. पाण्याचा थेंब सुईच्या टोंकावर कसा ठरणार ? त्यासाठीं तो कांच तापवून केसासारख्या बारीक नळ्या ओढी, त्यांत पाणी अगर रक्त भरी आणि ती नळीच सळईस चिकटवी. नळी पारदर्शक, आंतील द्रव पातळ, पलीकडून प्रकाश. मग द्रवांत तरंगणारा लहानांत लहान कणहि उजेडांत उठून दिसे. पातळ द्रव, बारीक नळी आणि त्यांतून जाणारा प्रकाश, ही जोडणी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिची आठवण पुढें करावी लागणार आहे.

१६७३ त डेल्फ्ट येथील रेनियर दे ग्राफ ह्या तरुण वैद्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून ह्या कापडवाल्याची ओळख करून दिली, आणि त्याचीं पहिलीं टिपणें तिकडे गेलीं. तेव्हांपासून मरेपर्यंत पन्नास वर्षें तो पत्रें लिहीत राहिला. त्यानें ग्रंथ असा लिहिला नाहीं. त्याचे सर्व शोध पत्रांतच आहेत, आणि तीं सर्व साध्या डच भाषेंत. चित्रें काढणें त्यास साधत नसे. म्हणून तो पदरचे पैसे देऊन चित्रकार लावी.

१६७४ त त्यानें आपल्याच हातांतून थोडें रक्त काढून नळींत घेतलें. डोळ्यास एकजीव लाल दिसणारें रक्त भिंगाखालीं तसें नव्हतेंच. स्वच्छ, जवळजवळ रंगहीन अशा पाण्यांत असंख्य लहान गोलक तरंगत होते, आणि रक्ताची लाली ती त्यांची. त्याच्या आधीं स्वामरडाम ह्या डच पंडितानें बेडकाच्या रक्तांत असे गोलक पाहिले होते. पण तें टिपण त्याच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. लेवेनहूकनें ते नुसते पाहिले नाहींत, त्यांचें मापहि काढलें. बारीक वाळूच्या एका कणाच्या जागेंत असे २५,००० गोलक मावतील, असा त्याचा अंदाज. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वत: करून पाहावें. २५,००० चें घनमूळ सुमारें २९. म्हणजे गोलकाची रुंदी कणाच्या रुंदीच्या एकोणतिसाव्या भागाइतकी. बारीक वाळूचा कण पाव मिलिमीटर धरला, तर गोलक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आठ-नऊपट येतो. आजच्या सूक्ष्म मापनानें हा आंकडा सात ते आठ ठरला आहे. वाळूच्या कणाखेरीज दुसरें माप हाताशीं नसतां त्यानें साधलेली ही अचूकता पाहून मन थक्क होतें. त्यास हे गोलक चेंडूसारखे वाटले, ते वस्तुत: मध्यें खोलगट अशा तबकडीसारखे असतात, ही गोष्ट वेगळी.

त्याच वर्षीं उन्हाळ्याच्या अखेरीस तो डेल्फ्टपासून दोन तासांच्या वाटेवरील एका सरोवरावर गेला. त्याचें पाणी हिवाळ्यांत निर्मळ असे आणि उन्हाळ्यांत पांढुरकें होऊन त्यांत हिरवे ढग तरंगत. दंवामुळें असें होतें, अशी आसपासच्या लोकांची समजूत. लेवेनहूकनें थोडें पाणी कुपींत भरून घरीं आणलें व दुसऱ्या दिवशीं पाहिलें. त्यांत नागमोडी वळणाचे हिरवे तंतु होतेच. परंतु त्यांच्यामधून कांहीं इवलेसे जीव वर, खालीं, वाटोळे असे फिरत होते. वाळूचे कण हलत नाहींत; धागे आपोआप वळत नाहींत. हे जिवंत होते !

पुढें दोन वर्षांनीं, १६७६ त, मिरीस तिखटपणा कशामुळें येतो हें शोधण्यासाठीं त्यानें मिरीचे दाणे पाण्यांत घालून ठेवले. तिखटपणाचें कारण सांपडलें नाहीं. पण कांहीं आठवड्यांनीं त्या पाण्यांत पूर्वीच्याहून कितीतरी सूक्ष्म अशा जीवांची अलोट गर्दी दिसली. आज आपण ज्यांस जीवाणु म्हणतों, त्यांचें हें मानवी डोळ्यांस घडलेलें पहिलें दर्शन असें मानतात. ९ ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्रांत त्यानें ही सारी हकीकत लंडनला कळविली.

येथें त्याच्या आयुष्यांतील खरी कसोटीची वेळ आली. एका थेंबांत हजारों प्राणी आहेत, असें एक कापडवाला म्हणतो, आणि तें त्याच्यावांचून कोणासहि दिसत नाहीं. हें खरें मानावें कसें? सोसायटीनें नेहेमाया ग्रू ह्या आपल्या सभासदास प्रयोग करून पाहण्यास सांगितलें. त्यास कांहींच दिसलें नाहीं. लेवेनहूक लबाड ठरण्याची वेळ आली. अशा प्रसंगीं कोणी रागावून गप्प बसला असता, कोणी शब्दांचा मारा केला असता. त्यानें यांतील कांहींच केलें नाहीं. गांवांतील व आसपासचे आठ प्रतिष्ठित गृहस्थ त्यानें घरीं बोलाविले. त्यांत ख्रिस्ती धर्मोपदेशकहि होते. त्यांना भिंगांतून स्वत: पाहावयास लाविलें आणि जें दिसलें तें लेखी देण्याची विनंति केली. राळ्याच्या दाण्याएवढ्या पाण्यांत कोणी दहा हजार, कोणी तीस हजार, तर कोणी पंचेचाळीस हजार जीव पाहिल्याचें लिहून दिलें. विशेष हें कीं, जितके दिसले असें वाटतें त्याच्या निम्मीच संख्या लिहावी, असें त्यानेंच त्यांस सांगितलें होतें. खरी संख्या कोणी विश्वासानें घेणार नाहीं, अशी त्यास भीति होती. सत्य सांगतांना आंकडा फुगविणारे पुष्कळ, घटविणारा विरळा.

शेवटीं सोसायटीचा रॉबर्ट हूक ह्यानें हें काम अंगावर घेतलें. त्यानें बारीक कांचनळ्या तयार केल्या, चांगलें यंत्र घेतलें, आणि १६७७ च्या नोव्हेंबरांत मिरीच्या पाण्यांतील ते जीव सभासदांस प्रत्यक्ष दाखविले. संशय मिटला. १६८० त रॉयल सोसायटीनें ह्या लॅटिन न जाणणाऱ्या दुकानदारास आपला सभासद निवडलें.

मानसन्मानानें त्याचें काम थांबलें नाहीं. १६८३ त त्यानें आपल्या दांतांवरील किटण तपासलें. तो रोज सकाळीं मिठानें दांत घांसून स्वच्छ ठेवीत असे, तरीहि त्यांत जीव सांपडले. आणि ज्या एका म्हाताऱ्यानें जन्मांत कधीं दांत घांसले नव्हते, त्याच्या तोंडांत तर त्यांची जत्राच भरलेली होती. पुढें, कढत कॉफी प्याल्यानंतर पुढच्या दांतांवर ते जीव मेलेले दिसतात, हेंहि त्यानें टिपून ठेविलें. १६८८ त बेडकाच्या पिलाच्या शेपटींत व वाम माशाच्या परांत त्यानें रक्ताचा प्रवाह पाहिला. हृदयाकडून येणारी रोहिणी बारीक होत होत केशवाहिनी बनते, आणि तीच पुढें नीला होऊन रक्त परत नेते. आणि त्या अरुंद वाटेनें रक्तगोलक एकामागून एक, रांगेनें जातात, हें त्यास स्पष्ट दिसलें. केशवाहिन्या इटलीच्या माल्पीगीनें १६६१ तच पाहिल्या होत्या. परंतु वाहत्या रक्ताचें इतकें सविस्तर वर्णन कोणी केलेलें नव्हतें. १६९८ त रशियाचा बादशहा पीटर डेल्फ्टला आला, तेव्हां त्यास हेंच दृश्य दाखविण्यांत आलें. धान्यांतले सोंडे धान्यापासून आणि पिसवा धुळीपासून आपोआप उत्पन्न होतात, ही जुनी समजूतहि त्यानें त्या किड्यांचीं अंडीं व अळ्या दाखवून खोडून काढली. लहानांत लहान पिसूचीहि रचना एवढी नेटकी पाहून तो ईश्वराच्या चातुर्यापुढें नम्र होई; त्याचें निरीक्षण त्याच्या श्रद्धेच्या आड आलें नाहीं.

परंतु थोरांचें चरित्र सांगतांना त्यांचा दोषहि झांकूं नये. लेवेनहूक आपलीं उत्तम भिंगें व पाहण्याची खास पद्धति कोणास सांगत नसे. पाहुण्यांस साधीं यंत्रें दाखवी. चांगलीं कपाटांत ठेवी. तरुणांस ही विद्या शिकवावी असें जर्मन पंडित लाइबनिट्स ह्यानें सुचविलें, तेव्हांहि त्यानें नकार दिला. बहुतेकांस ज्ञानापेक्षां पैसा व नांव ह्यांचीच हांव असते, असें त्याचें मत. त्यानें शिष्य केला नाहीं, आणि त्याचें फळ जगास भोगावें लागलें. २६ ऑगस्ट १७२३ रोजीं, नव्वद वर्षांचा होऊन तो वारला. मृत्युशय्येवरहि त्यानें एका मित्राकडून आपल्या दोन पत्रांचें लॅटिन करवून लंडनला धाडण्याची व्यवस्था केली. मारियेनें पित्याच्या इच्छेप्रमाणें २६ रुप्याचीं यंत्रें रॉयल सोसायटीस पाठविलीं. तीं एकोणिसाव्या शतकांत हरवलीं. तिच्या मृत्यूनंतर १७४७ त उरलेल्यांचा लिलांव झाला. पांचशेंहून अधिक भिंगांपैकीं आज मोजकींच यंत्रें उरलीं आहेत. त्याची परंपरा चालविणारा कोणी नसल्यामुळें सूक्ष्मजीवांचें ज्ञान पुष्कळ काळ जवळजवळ जागच्या जागीं राहिलें. पाण्यांतले ते जीव आणि घरोघरीं लेंकरांना नेणारे रोग ह्यांचा संबंध त्यासहि उमगला नव्हता, आणि मागून येणाऱ्यांसहि दीडशें वर्षें सिद्ध करतां आला नाहीं. तें कार्य पाश्चर व कॉख ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत केलें. १८९६ त मुंबईंत प्लेगाचा कहर झाला, तेव्हां त्या रोगाचा जंतु दोन वर्षांपूर्वींच ओळखला गेलेला होता. म्हणूनच १८९७ च्या जानेवारींत हाफकीन ह्यांना त्या जंतूंपासून लस तयार करून प्रथम स्वत:च्या अंगास टोंचून घेतां आली.

त्याच्या गुप्त विद्येचा उलगडा अलीकडेच झाला, आणि तो मोठा बोधप्रद आहे. १८६ वर्षें नव्हे, तब्बल तीन शतकें लोक तर्क करीत होते कीं, हीं भिंगें बनविण्याची कांहीं अद्भुत युक्ति त्यास माहीत असावी. पट्ट्या न उघडतां आंतील भिंग पाहण्याचा उपाय नव्हता. २०२१ त डच संशोधकांनीं न्यूट्रॉन किरणांच्या साह्यानें त्याचीं दोन यंत्रें न उघडतां आंतून पाहिलीं. लायडनच्या यंत्रांतील भिंग घांसून केलेलें निघालें. आणि उट्रेख्टचें तें बलाढ्य भिंग म्हणजे कांचेचा तंतु ज्योतींत वितळवून केलेला गोल मणी निघाला. ही कृति रॉबर्ट हूकनें लेवेनहूकच्या काळींच छापून प्रसिद्ध केली होती ! म्हणजे जें त्यानें जन्मभर लपविलें, त्याचा निदान कांहीं भाग पुस्तकांत उघडाच पडलेला होता. मग इतरांस तें कां दिसलें नाहीं ? कारण पुस्तकांतून कृति घेतां येते. पन्नास वर्षांची चिकाटी घेतां येत नाहीं.

आज कोणत्याहि मोठ्या रुग्णालयांत रक्ताची तपासणी होते, तेव्हां अनेक ठिकाणीं रक्तपेशी मोजण्याचें काम यंत्रच करतें. रक्त पातळ करून त्याची अगदीं बारीक धार सोडतात. पेशी एकामागून एक लेसर नांवाच्या तीव्र प्रकाशकिरणासमोरून जातात. प्रत्येक पेशीवर आदळून प्रकाश फांकतो, आणि तो कोणत्या दिशेस किती फांकला हें टिपून यंत्र पेशीची संख्या, आकार व जात ठरवितें. क्षणांत हजारों पेशींची गणति होते. पातळ द्रव, अरुंद वाट, पलीकडून प्रकाश, आणि मोजणी : वाचकांस ही जोडणी आठवत असेल. वाम माशाच्या परांत रांगेनें जाणारे रक्तगोलक डेल्फ्टच्या त्या दुकानदारानें उघड्या खिडकीशीं बसून पाहिले होते. फरक इतकाच कीं, त्याच्या डोळ्याच्या जागीं आतां यंत्राचा डोळा आला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, पावसाळ्यांत शाळेच्या वाटेवर सांचलेलें डबकें तुम्ही रोज ओलांडतां. त्याच्या एका थेंबांत काय आहे, हें पाहण्यास आज तुमच्या प्रयोगशाळेंतील यंत्र पुरेसें आहे. तें पाहा, मोजा, वहींत लिहा. आणि जें दिसेल तें शेजारच्या मित्रास अवश्य दाखवा. लेवेनहूकपासून पहिल्या तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. चौथी त्याच्याकडून राहून गेली. ती आपण पुरी करावी.